दिवडीच्या रक्तातला टोपीवाला

वर्धा जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक माणसांचं रक्त ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही ज्यांना माणसांविषयी एक वाईट शब्द बोलता आला नाही, असे एकच गृहस्थ मी पाहिले आहेत. ते आमच्या शेजारी राहत. सारी नोकरी त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात तापाच्या रोग्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्यात घालवली, म्हणून सगळी गल्ली त्यांना मलेरियावाले काका म्हणे. काचपट्टीला ते 'स्लाइड' म्हणत, आणि हा शब्द इतक्या मायेने उच्चारत की लहानपणी मला ते त्यांच्या मुलीचं नाव वाटे. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. रक्त राहत असे. एखाद्या लग्नात कुणी पाया पडायला आलं, की काका आधी त्याच्याकडे परक्यासारखे पाहत. त्याने गावाचं आणि बापाचं नाव सांगितलं की चेहरा उजळे. "अरे हाव! तुह्या बापाची स्लाइड पाह्यली ना म्या. अशी पातळ, अशी एकसारखी पसरेल, का वा!" बापाला मलेरिया निघाला होता की नाही, हे मात्र ते कधीही सांगत नसत. माझ्या आजोबांविषयीही त्यांचं मत उत्तम होतं. आजोबा अर्ध्या गावाशी भांडलेले आणि उरलेल्या अर्ध्याशी अबोला धरलेले. पण त्यांचं रक्त काचेवर "गजब सुंदर" पसरायचं, आणि काकांच्या लेखी प्रश्न तिथे मिटला होता.

त्यांच्या आयुष्याला एकच कायदा होता: शंभर फील्ड. फील्ड म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारं रक्ताचं गोल अंगण. अशी शंभर अंगणं पाहून झाल्याशिवाय 'दिसलं नाही' असं लिहायचं नाही, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी शिकवलं होतं. इतर लोक नोकरीतलं शिक्षण निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात ठेवून येतात. काकांनी ते घरी आणलं. चष्मा हरवला तर ते घर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने शोधत आणि मधूनच काकूंनी "अहो, डोक्यावर हाये" म्हटलं तरी ओळ पुरी करत. मुलीसाठी मुलगा पाहायला गेले, तर परत आल्यावर काकूंनी विचारलं, "कसा वाटला?" काका म्हणाले, "आताच काऊन विचारून राह्यली? तीनच फील्ड झाले." ते मुलाच्या घरी इतक्या वेळा गेले, की शेवटी त्या लोकांनी चहाचं विचारणं सोडून सरळ ताट वाढायला सुरुवात केली.

निवृत्तीनंतर महिनाभर त्यांची फार वाईट अवस्था झाली. घरात जुना सूक्ष्मदर्शक होता, रंगाच्या बाटल्या होत्या, पण पाहायला रक्त नव्हतं. काकू आईला म्हणाल्या, "यायले काही भेटलं नाई त हे एक दिवस माहंच बोट टोचतीन." अशा एका दुपारी खिडकीत सापडून एका पालीची शेपटी तुटली. पाल गेली, शेपटी वळवळत राहिली. काकांचा हात सवयीने स्लाइडकडे गेला. थेंब घेतला, पसरवला, रंगवला, पाहिला, आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. एकूणएक तांबड्या पेशीत जांभळा ठिपका! इतक्या वर्षांत त्यांनी असं रक्त पाहिलं नव्हतं. माणसाच्या स्लाइडमध्ये हजारांत एखादी पेशी लागण झालेली सापडली तरी धावपळ होते. इथे सगळ्याच्या सगळ्या. त्यांनी शंभर फील्ड पाहिले. दोनशे पाहिले. मग स्लाइड रुमालात गुंडाळून, भर उन्हात, ते कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमकडे गेले. या मॅडम साप-सरड्यांच्या रक्तातल्या परजीवींवर काम करतात एवढं त्यांनी पेपरात वाचलं होतं. दारावरच्या चपराशाला त्यांनी सांगितलं, "मॅडमले म्हणा, जिल्ह्यातल्या पाली संपल्या. साथ हाये."

मॅडमनी डोळा लावला आणि ओठ घट्ट मिटले. मग सांभाळून म्हणाल्या, "काका, हे पेशीचं केंद्रक आहे. पाली-सापांच्या तांबड्या पेशीत ते असतंच. माणसाच्या पेशीत नसतं."

काकांनी पुन्हा एकदा डोळा लावला. मग म्हणाले, "म्हंजे मी जन्मभर रिकाम्या खोल्या पाह्यल्या. इथं त हरेक खोलीत मालक बसेल हाये!"

मॅडम हसल्या, त्यांनी चहा मागवला आणि मग एका धामणीची स्लाइड दाखवली. पेशीत केंद्रक होतं, आणि त्याला एका बाजूला रेटून, फुगीर शेंगेसारखा एक जीव ऐसपैस बसला होता. "हा खरा परजीवी," मॅडम म्हणाल्या. काकांनी तो पाहिला आणि त्या दिवसापासून ते पुन्हा नोकरीला लागले. पगार नाही, ठरावीक वेळ नाही, रजा तर नाहीच नाही.

मॅडमकडे वनखात्याची परवानगी होती. घरात निघालेले साप सर्पमित्र पकडून आणत, शेपटीतून एक थेंब घेतला जाई आणि संध्याकाळच्या आत साप जिथला तिथे सोडला जाई. साप आणणाऱ्यांत आर्वी रोडवरचा एक भाजीवाला शेतकरी मुख्य होता. वांगी-मेथी बाजारात टाकून परत जाताना तो काकांकडे थांबे. स्लाइड करणं, रंगवणं, पाहणं आणि आत कोण आहे ते ओळखून त्याची वर्गवारी लावणं हे काकांचं काम. ते प्रत्येक परजीवीचं रंगीत पेन्सिलीने चित्र काढत, लांबी-रुंदी मोजून लिहीत आणि खाली स्वभावही लिहीत. 'लाजाळू. कडेला राहतो.' 'घरमालकाला ढकलतो.' 'दोघे एका खोलीत, भांडण नाही.' मॅडमना हा तिसरा रकाना नको होता. पण नव्या सापात कोणी दिसलं की काका चित्रांआधी स्वभाव वाचत, आणि बहुतेक वेळा त्यांची ओळख बरोबर ठरे.

रक्ताच्या ओल्या स्लाइडला मुंग्या, माश्या आणि झुरळं लागतात. सकाळी पाहावं तर साप चाटून साफ झालेला असतो. म्हणून काकांनी घरातली एकुलती एक मच्छरदाणी स्लाइडच्या टेबलावर बांधली. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना मच्छरदाणीत झोपायला सांगितलं, तो स्वतः उघड्यावर डास मारत झोपे आणि धामणीचं रक्त जाळीत आरामात राही.

गिम्सा नावाच्या त्या जांभळ्या रंगाने त्यांची बोटं कायमची रंगलेली असत. एका निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या बाईंनी त्यांचा हात पाहून त्यांना अडवलं. "आजोबा, तुम्ही मत देऊन आलेले दिसता." काकांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. "पाहा बाई. दहाही बोटं रंगेल हायेत. दहा वेळा देऊन आलो काय?" बाई गोंधळल्या, साहेबांना बोलावलं. काकांनी साहेबांना गिम्साचा रंग कसा बनतो ते समजावून सांगायला सुरुवात केली, आणि मागची रांग इतकी वाढली की त्यांना मत देऊ देणं हाच लवकर सुटकेचा मार्ग ठरला.

जाम या गावच्या चौकाजवळ महामार्गावर साप फार चिरडले जातात. आठवड्यातून एकदा काका पहाटेच्या एसटीने जामला जात आणि रस्त्याच्या कडेने खाली मान घालून चालत. ताजा मेलेला साप दिसला की तिथेच उकिडवे बसून स्लाइड करत. चहावाल्यांची खात्री झाली, की हे अपघात मोजणारे सरकारी अधिकारी. एकाने त्यांना समोरचा खड्डा दाखवून निवेदनच दिलं. काकांनी ते वाचून घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पोहचवतो. पन मले सांग, काल इथं घोरपड मरेल पडली होती म्हणते, ते कोणं उचलली?" निवेदन त्यांनी खरोखरच बांधकाम खात्यात नेऊन दिलं. खड्डा बुजला नाही. पण जामला त्यांच्याकडून चहाचे पैसे पुन्हा कोणी घेतले नाहीत.

स्लाइडवर चिठ्ठी लावण्याची त्यांची शिस्त घरभर पसरली होती. होस्ट (म्हणजे परजीवी ज्याच्या अंगात सापडला तो यजमान), ठिकाण, तारीख, गोळा करणार: या चार गोष्टी नसतील तर त्यांच्या मते त्या वस्तूला अस्तित्वच नव्हतं. काकूंच्या लोणच्याच्या बरणीवर लिहिलेलं मी वाचलं आहे: 'होस्ट: आंबा. ठिकाण: आर्वी रोड, डावी बाजू. तारीख: १२ मे. गोळा करणार: सौ.' काकू म्हणायच्या, "गोळा करणार मी, आन् संपवणार कोण, ते नाई लिहत!"

मी वाढले पत्रकांच्या घरात. माझे वडील चळवळीतले. आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्यासमोर आधी घडी घालायच्या पत्रकांचा गठ्ठा येई, मग पाणी. अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध'पासून. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले आणि काका माझे पहिले वाचक झाले. खरं तर वाचक नव्हे. ते माझी पत्रकं तपासत. नागपंचमीसाठी मी लिहिलं होतं, 'साप दूध कधीच पीत नाही. सापाला काहीही ऐकू येत नाही.' काकांनी 'कधीच' आणि 'काहीही' या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढले. "किती सापाईले दूध देऊन पाह्यलं तू?" मी म्हटलं, "एकालाही नाही, पण शास्त्र सांगतं." ते म्हणाले, "शास्त्र इतकं वरडून नाई सांगत, लीडरबाई. आन् ऐकू येते त्याले थोडंसं. जमिनीतून येते." ते मला लीडरबाईच म्हणत. माझ्या आवेशाची ही थट्टा मला आवडत नसे, आणि त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय करमतही नसे.

पण एकदा ते खरोखर दुखावले. कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांसाठी मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं, त्यात 'श्रमिकांचं रक्त पिणारे परजीवी' असा शब्दप्रयोग होता. संध्याकाळी काका ते हातात घेऊन आमच्या ओट्यावर आले.

"हे काय वं? परजीवीले काऊन शिव्या देऊन राह्यली?"

"काका, ती उपमा आहे."

"उपमा गिपमा मले नको सांगू. दिवडीच्या रक्तात राहते, त्यानं तुहं काय बिघडवलं? दिवड मस्त पोहून राह्यली, बेडूक खाऊन राह्यली. मालक मेला त भाडेकरू कुठं जाईन? तो जपून राह्यते बिचारा. तुह्या त्या शेटजीले दुसरं काही म्हण."

मी तो शब्द काढला. आजतागायत मी कोणत्याही शोषकाला परजीवी म्हटलेलं नाही.

आणि मग ती दिवड आली. दिवड म्हणजे पाणसाप. विहिरीत, कालव्यात सगळीकडे दिसणारा, चावरा पण बिनविषारी. पावसाळ्यात भाजीवाल्याच्या विहिरीतून निघालेल्या एका दिवडीच्या रक्तात काकांना एक असा परजीवी दिसला, जो त्यांच्या एकाही चित्राशी जुळेना. शरीर नेहमीचं, फुगीर शेंगेसारखं. पण एका टोकाला गुलाबी, टोकदार टोपी. प्रत्येकाला टोपी. काकांनी जुने शोधनिबंध मॅडमकडून आणून एकेक चित्र ताडून पाहिलं. टोपीवाला कुणाकडेच नव्हता. त्यांनी त्याचा स्वभाव लिहिला: 'समारंभाला निघाल्यासारखा.' मॅडमनी फोटो बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवले. उत्तर आलं की ही नवी प्रजाती असू शकते. माप आणि चित्रं व्यवस्थित असतील तर जाहीर करायला हरकत नाही. पुढची दोन वर्षं काका आणि मॅडम मापं घेत बसले. दुसरी टोपीवाली दिवड काही सापडली नाही. शेवटी मॅडमनी निबंध लिहिला आणि सांगितलं, की स्वतःच्या शोधाला आपणच आपलं नाव द्यायचं नसतं, म्हणून निबंध त्या एकट्या लिहितील आणि प्रजातीला काकांचं नाव देतील. आधी हिपॅटोझून, म्हणजे त्या परजीवींच्या गटाचं नाव. आणि पुढे काकांचं आडनाव, त्याला लॅटिनची शेपटी लावून.

"माह्या नावाचा किडा?" काका आधी हसले. "लोक म्हणतीन, नोकरीभर बोटं टोचली, आता स्वतःच रक्तात जाऊन बसला." पण आठवड्याभरात काकूंना पेपराच्या कडेला ते लॅटिन आडनाव चार ठिकाणी लिहिलेलं सापडलं, वळणदार अक्षरात. काकूंनी ते मला दाखवलं आणि म्हणाल्या, "इतके वर्सं माह्या नावापुढं बी हेच आडनाव हाये. मले नाई कोणं लॅटिन लावली!" त्या हसत होत्या, पण त्यांनी तो पेपर रद्दीत घातला नाही. पुढे काकांनीच मला एकदा सांगितलं, मान खाली घालून, स्लाइड पुसता पुसता. आरोग्य केंद्राच्या तक्त्यात 'तपासणाऱ्याची सही' असा एक चौकोन असे. तो इतका लहान, की त्यात त्यांचं आडनाव अर्धंच मावायचं. नोकरीभर ते अर्धंच लिहीत आले. "आता पुरं लिहतीन," ते म्हणाले. एवढंच.

हे ऐकल्यावर माझ्यासारखी मुलगी स्वस्थ कशी बसेल? ज्यांच्या मागे पदव्यांची माळ नाही, अशा माणसाचं नाव शास्त्राच्या पुस्तकात जाणार होतं. मी पत्रक लिहिलं. मथळा: 'तंत्रज्ञाचा सन्मान, श्रमाचा सन्मान!' वाचनालयाचा हॉल रविवारी सकाळी मिळाला. निबंध सोमवारी जाणार होता. पत्रकं मी स्वतः वाटली, बजाज चौकापासून भाजी बाजारापर्यंत. काकूंनी काकांचा एकमेव कोट, जो त्यांनी मुलीच्या लग्नात घातला होता, उन्हं पडेनात म्हणून पंख्याखाली टांगला.

शुक्रवारी दुपारी भाजीवाला आणखी एक दिवड घेऊन आला. मासे धरायच्या जाळीत अडकली होती. बाहेर पावसाची झड लागलेली. काकांनी दोन थेंब घेतले, दोन स्लाइड केल्या. पहिली पंख्याखाली धरून चटकन वाळवली. दुसरी वाळवायला घेतली आणि लाइट गेली. ती त्यांनी तशीच मच्छरदाणीत ठेवली. दमट हवेत ती हळूहळू, तास-दीड तासाने वाळली. जाळीतून सोडवलेली दिवड भाजीवाल्याने परत नेऊन सोडली.

शनिवारी सकाळी काकांनी मला हाक मारली. आवाज नेहमीचाच होता. मी गेले, तर ते खुर्ची सोडून भिंतीला टेकून उभे. "पाह्य," ते म्हणाले. मी पहिल्या स्लाइडला डोळा लावला. परजीवी होते, भरपूर. टोपी नव्हती. नेहमीचा, माहितीतला, कधीचा नाव मिळालेला. मग त्यांनी दुसरी स्लाइड लावली. त्याच दिवडीचं रक्त, त्याच शेपटीतलं. इथे सगळ्यांना टोप्या.

मला समजायला वेळ लागला. काकांनी दोन वर्षांपूर्वीची वही उघडून पुढे केली. त्या पहिल्या दिवडीच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'पाऊस. लाइट नाही.'

"टोपी त्याची नाई," ते म्हणाले. "हळू वाळलं का पेशी आकसते, आन् हा तिच्यासंगं चिमटते. टोपी माह्या वाळवण्याची हाये. इतक्या दिवसाचं लिहेल होतं, मीच वाचलं नाई."

मी खिडकीबाहेर पाहिलं. मग मी जे बोलले ते लिहायला आजही नको वाटतं, पण लिहिलं पाहिजे, कारण सत्यासाठी आयुष्यभर ओरडण्याची शपथ घेतलेली मीच ते बोलले. मी म्हटलं, "काका, पत्रकं वाटून झालीत. आणि ही दुसरी स्लाइड... धुऊन टाकली तर? कोणाला कळणार आहे?"

काका रागावले नाहीत. त्यांनी फक्त बोटं मोजल्यासारखी केली. "मले कळलं. तुले कळलं. दोघं झालो ना."

"पण तुमचं नाव, काका."

"नाव त पाह्यजेच होतं मले," ते म्हणाले. "खोटं काऊन बोलू? लय पाह्यजे होतं. पन उद्या एखादं पोट्टं पावसात स्लाइड वाळवीन, त्याले टोपी दिसन, आन् ते माह्या नावाचा किडा शोधत बसन. दोन वर्सं, चार वर्सं. जो नाईच हाये, तो! त्याचे दिवस मी काऊन खाऊ?"

मग त्यांनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, टोपी नाई हो. मी वाळवताना चुकलो. निबंध थांबवा." पलीकडून मॅडम काहीतरी म्हणाल्या आणि काका म्हणाले, "नाई, नाई, तुमची नाई. स्लाइड माही होती." फोन ठेवून ते बसले, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक चमत्कारिक उजेड आला. "पन कसं पकडलं पाह्य! एकाच दिवडीच्या दोन स्लाइडा. लाइट गेली नसती त कळलंच नसतं!" चूक सापडल्याचा त्यांना जो आनंद झाला, तो मी बरोबर ठरलेल्या कोणा माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग उद्या कोट नाई घालत काय?"

"घालतो ना," काका म्हणाले. "कोटानं काय केलं?"

आणि रविवारी ते खरोखर कोट घालून वाचनालयात गेले. मी कार्यक्रम रद्द करायला निघाले होते. त्यांनी करू दिला नाही. "लोकाईले बोलावलं, त काहीतरी सांगाले पाह्यजे." हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती: शिक्षक, कारकून, भाजीवाला त्याच्या भावासकट, जामचा चहावाला, आणि मागच्या रांगेत मॅडम. काका उभे राहिले आणि रक्ताची स्लाइड कशी वाळवावी यावर सव्वा तास बोलले. मधेच एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "मग सत्कार कशाचा आहे?"

"सत्कार नाई, सर. चूक सांगाले आलो. दोन वर्सं मी एक नसेल जीव पाहत होतो. ते कशानं झालं, ते सांगून राह्यलो. कोणी पावसात स्लाइड वाळवत असान त ध्यानात ठेवजो."

मॅडम सोडल्या तर चाळीस माणसांपैकी एकानेही आयुष्यात स्लाइड वाळवली नव्हती, पण सगळ्यांनी माना हलवल्या. शाल आणि नारळ आणून ठेवलेलेच होते. मास्तर उठले आणि ते द्यायला पुढे आले. काकांनी शाल घेतली नाही. नारळ मात्र घेतला, कारण घरी नारळ संपला होता.

मी त्या दिवशी व्यासपीठाच्या कडेला बसले होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मला बोलायला काही सुचलं नाही, आणि मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात प्रामाणिक सूत्रसंचालन होतं. त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं, पुष्कळ भांडले. पण 'कोणाला कळणार आहे' हे वाक्य ज्या तोंडून निघालं, ते तोंड माझं होतं, हे मी विसरू शकत नाही. इतरांच्या तोंडून ते ऐकलं की मला आता पूर्वीसारखा संताप येत नाही. आधी काळजी वाटते, मग संताप येतो.

मागच्या वर्षी काका-काकू मुलीकडे बडोद्याला गेले. काकूंचे गुडघे दुखतात. इथे दोघांनी एकटं राहणं जमेना. स्लाइडच्या पेट्या मॅडमकडे आहेत, चित्रांच्या वह्याही. शेजारचं घर भाड्याने गेलं आहे. नव्या माणसांनी आल्या आल्या भिंतींना रंग दिला आणि पाली हुसकावल्या. काकांचा फोन येतो, बहुतेक रविवारी. "नवव्या मजल्यावर राह्यतो," ते सांगतात. "पाल बी येत नाई इथं. इतका साफ फ्लॅट कशाले बांधते काय मालूम!" मग विचारतात, भाजीवाल्याची वांगी कशी आहेत, जामचा खड्डा बुजला काय, यंदा दिवडी निघाल्या काय. निघाल्या म्हटलं की त्यांचा आवाज बदलतो. आणि त्या परजीवीचं नाव घेतात. स्वतःचं नव्हे, जे कधीच दिलं गेलं नाही ते. त्याचं जुनं, खरं नाव, कोण्या परक्या देशातल्या, कधीच्या काळच्या माणसाने ठेवलेलं, जोडाक्षरांनी खच्चून भरलेलं. काका ते अगदी सहज घेतात, आर्वीकडच्या एखाद्या नातलगाचं घ्यावं तसं. "बरा हाये ना तो?" असं विचारतात.

"बरा आहे, काका," मी सांगते. फोन ठेवल्यावर ते नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहते. माझी जीभ अजून मधेच अडखळते.